रमण महर्षी, ‘मी कोण?’ आणि माझी सहा महिन्यांची फजिती

गुजरीकर | मंगळवार, रात्री १०.४०

मंडळी, नमस्कार. तीन वर्षं वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमचं कोल्हापुरात गुजरीत, म्हणजे सोनारांच्या पेठेत, छोटं दुकान आहे. साज, पुतळ्या, चिंचपेटी, वज्रटीक, आजोबांपासूनचं काम. गेल्या पौषात आईला तिरुपतीला नेलं, हरिप्रिया एक्स्प्रेसने. अंबाबाईला नवरात्रात तिरुपतीहून शालू येतो, त्यामुळे कोल्हापुरातल्या घराघरात बालाजीची एक फेरी ठरलेलीच असते. दर्शन झालं आणि एक दिवस हाताशी उरला. मेहुणा म्हणाला, खाली तिरुवन्नामलैला रमण महर्षींचा आश्रम आहे, जाऊन येऊ. मला महर्षी म्हणजे फोटोतले लंगोटी नेसलेले, फार शांत डोळ्यांचे बाबा, एवढंच माहीत. गेलो.

बसमध्ये मेहुण्याने त्यांचं चरित्र सांगितलं. जन्म ३० डिसेंबर १८७९, गाव तिरुचुळी, नाव वेंकटरमण. वडील वकिली करायचे, ते १८९२ साली गेले आणि पोरगा मदुराईला काकांकडे आला. जुलै १८९६. वय सोळा. काकांच्या घरी वरच्या खोलीत एकटा बसला असताना अचानक मरणाची भीती दाटून आली. ताप नाही, दुखणं नाही, काही नाही. पोराने कुणाला हाक मारली नाही. आडवा झाला, हातपाय ताठ केले, ओठ मिटून श्वास धरला आणि बघायला लागला. हे शरीर मेलं, आता तिरडीवर घालून नेतील, जाळतील. मग ‘मी’ मेलो का? त्यात जे कळलं ते पुन्हा कधी गेलं नाही, असं ते पुढे सांगत.

नंतरची गोष्ट मला जास्त रुतली, कारण ती आमच्या धंद्यातली आहे. ऑगस्टअखेर इंग्रजी व्याकरणाचा धडा शिक्षा म्हणून तीनदा उतरवायचा होता. दोनदा उतरवून वही सारली आणि डोळे मिटून बसला. थोरला भाऊ म्हणाला, असं बसणाऱ्याला हे सगळं कशाला हवं? पोराला ते पटलंच. भावाची कॉलेजची फी भरायला ५ रुपये मिळाले होते. त्यातले ३ घेतले, २ ठेवले आणि चिठ्ठी लिहिली: शोधात पैसे घालवू नका, फी अजून भरलेली नाही, सोबत २ रुपये आहेत. तिकिटाला २ रुपये १३ आणे गेले. जुना नकाशा बघून निघाल्यामुळे अंदाज चुकला, वाटेत चालावं लागलं. किळूर गावात एका भागवतर गृहस्थांनी गोकुळाष्टमीच्या दिवशी जेवू घातलं. त्यांच्याकडे पोराने कानातली माणकं जडवलेली कुडी गहाण ठेवली. ऐवज २० रुपयांचा, उचल ४ रुपये. सोडवून न्यायची म्हणून चिठ्ठीही घेतली आणि बाहेर पडल्यावर ती फाडून टाकली.

आमच्या आजोबांनी गहाणवट केली आहे. चिठ्ठी हरवणारी गिऱ्हाइकं त्यांनी बघितली, चिठ्ठीवरून डोकी फोडणारी बघितली. फाडून टाकणारं एकही नाही.

१ सप्टेंबर १८९६ ला तिरुवन्नामलैला पोचले. उरलेले पैसे तळ्यात टाकले, जानवं काढून टाकलं, डोकं भादरून घेतलं. त्यानंतर १४ एप्रिल १९५० पर्यंत, म्हणजे साडेत्रेपन्न वर्षं, तो अरुणाचलाचा डोंगर सोडून कुठेही गेले नाहीत.

परत आल्यावर मीही ‘मी कोण’ सुरू केलं. पहाटे साडेपाचला रंकाळ्याला एक फेरी मारायची आणि बाकावर बसून माळ ओढायची. मी कोण, मी कोण, मी कोण. आधी एक माळ, मग पाच, श्रावणात अकरा. सहा महिने झाले. फळ काय, तर डोकं चढतं, आणि एका पावतीवर ११ ग्रॅमच्या जागी १० लिहून बसलो. सौभाग्यवती म्हणते, तुम्ही कोण ते मी सांगते, आधी सिलिंडर लावा.

चुकतंय कुठे? आणि आपल्यासारख्या दुकान-संसारवाल्याने ह्या वाटेला जावं का?

तालमीतला | रात्री ११.०५

शेठ, वैनींचं उत्तर बरोबर हाय. धागा बंद करा.

चेष्टा सोडा. चिठ्ठी फाडली ते लई भारी. नाद खुळा पोरगं.

ओवी | बुधवार, सकाळी ७.१५

गुजरीकर, ‘अकरा माळा’ वाचून चहा सांडला हो! तुमचं जिथे चुकलंय ते तुम्हीच लिहून ठेवलंय.

‘मी कोण’ हा मंत्र नाही. जप करायचा नाही त्याचा. महर्षींनी हे पुन्हा पुन्हा सांगितलंय. १९०१-०२ च्या सुमाराला शिवप्रकाशम् पिल्लै नावाचे सरकारी नोकरीतले एक गृहस्थ डोंगरावरच्या विरूपाक्ष गुहेत प्रश्न घेऊन गेले. महर्षी तेव्हा बोलत नसत. त्यांनी उत्तरं वाळूवर आणि पाटीवर लिहून दिली. त्यात कृती दिली आहे ती अशी. विचार उठला की त्याच्या मागे धावायचं नाही. विचारायचं, हा कुणाला आला? उत्तर येतं, मला. मग हा ‘मला’ म्हणणारा कोण, निघतो कुठून? तिकडे बघायचं. विचार विरतो. दुसरा उठला की परत तेच. शब्द फक्त मान वळवण्यापुरता आहे.

मी शाळेत होते तेव्हा पोरांना सांगायचे, फळ्याकडे बघा म्हटलं तर फळ्याकडे बघायचं, ‘फळ्याकडे बघा, फळ्याकडे बघा’ असं म्हणत बसायचं नाही. तुम्ही सहा महिने ते म्हणत बसलात.

आणि ‘मी सोनार, मी अमक्याचा मुलगा’ अशी उत्तरंही द्यायची नाहीत. ‘मी ब्रह्म’ हेसुद्धा नाही, तोही एक विचारच. चितेतली लाकडं ढोसायची काठी असते ना, ती शेवटी चितेतच जळते. हा प्रश्न तसा जाळायचा, असं तिथे म्हटलंय. पंचगंगेच्या घाटावर तो बांबू आपण सगळ्यांनी कधी ना कधी पाहिलेला आहे.

मिरज_जंक्शन | सकाळी ८.५०

माहितीसाठी: हरिप्रियाने तिरुपती, तिथून काटपाडी-वेल्लोर करत तिरुवन्नामलै. थेट गाडीच्या नादाला लागू नका. पौर्णिमेला जाणार असाल तर खोली आधी बघा. त्या रात्री गिरिप्रदक्षिणेला लोटच्या लोट असतात. १४ किलोमीटर, अनवाणी. डांबर दिवसा तापतं, रात्रीच निघा.

ह्या निमित्ताने एक लिहितो. त्याच प्रश्नोत्तरात आगगाडीचा दाखला आहे. गाडी सगळं ओझं ओढतेय, मग आत बसलेल्याने गाठोडं डोक्यावर घेऊन कशाला बसावं? आमच्या मिरज स्टेशनवर हे रोज दिसतं. जागा मिळून अर्धा तास झाला तरी बाई मांडीवरची पिशवी खाली ठेवत नाहीत.

गुजरीकर | सकाळी ९.३०

ओवीताई, धन्यवाद आणि दंडवत. माळ ठेवून दिली. आईने लगेच उचलली, म्हणाली मला दे, मी ‘श्रीराम’ म्हणते.

बाईंच्या पिशवीबद्दल: त्यात दागिने असतील हो, खाली कशा ठेवतील.

शंकासुर | दुपारी १.२०

सगळ्यांचं छान चाललंय, मी जरा खडा टाकतो.

एक. वडील वारलेले, आई विधवा, आणि मुलगा चिठ्ठी लिहून पळाला. १८९८ साली आई शोधत आली, दिवसचे दिवस विनवण्या केल्या. ह्यांनी तोंड उघडलं नाही. लोकांनी कागद-पेन्सिल दिली तेव्हा लिहून काय दिलं? ज्याच्या त्याच्या प्रारब्धाप्रमाणे घडतं, घडायचं नाही ते कितीही केलं तरी घडत नाही, घडायचं ते टळत नाही, म्हणून गप्प राहणं बरं. रडणाऱ्या आईला हे?

दोन. आश्रमाच्या भोजनगृहात ब्राह्मण एका बाजूला, ब्राह्मणेतर दुसऱ्या बाजूला, मध्ये आडोसा. हे मी शत्रूंच्या लिखाणातून घेतलेलं नाही, त्यांच्याच भक्तांच्या आठवणींत आहे. आपण कुठे राहतो ते आठवा. २६ जुलै १९०२ ला शाहू महाराजांनी मागासलेल्यांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. वेदोक्तावरून, म्हणजे महाराजांना वेदमंत्रांचा अधिकार नाही म्हणण्यावरून, हे गाव पेटलं होतं. ‘मी शरीर नाही’ म्हणणाऱ्या ऋषींच्या दारात पंगत मात्र शरीराच्या जातीवरून?

तालमीतला | दुपारी १.४५

शंकासुरभावा, दुसऱ्या मुद्द्याला आपली टाळी. पंगत म्हंजे पंगत. तांबडा-पांढरा वाढताना कोण जात विचारतंय काय?

(तिथं तांबडा मिळत नसंल म्हणा.)

कणेरीवाट | दुपारी ३.१०

शंकासुर, मुद्दा दोनबद्दल जेवढं वाचलंय तेवढं सांगतो. आडोसा होता, नाकारत नाही. महर्षी बसायचे ते मात्र अशा जागी की दोन्ही बाजूंना दिसतील. कारभार धाकटे भाऊ निरंजनानंद स्वामी बघायचे आणि त्यात महर्षी फारसे पडत नसत. संध्याकाळचं वेदपठण मात्र दिवाणखान्यात सगळ्यांदेखत चालायचं. ब्राह्मणेतर, बायका, गोरे, सगळे बसून ऐकायचे. वेदोक्त भोगलेल्या गावाला ह्याचं मोल कळावं.

शंकासुर | दुपारी ३.३०

‘दोन्ही बाजूंना दिसतील’ हे तुम्हाला पुरेसं वाटतं?

कणेरीवाट | दुपारी ३.५२

नाही. मला वाटत नाही.

पण सोळाव्या वर्षी जानवं फेकून, गल्लीत टाळी वाजवून हातावर पडेल ते खाणारा माणूस जात मानत होता असंही मला म्हणता येत नाही. दोन्ही खरं आहे. शाहू महाराजांनी हुकूम काढला, ह्यांनी कधीच कुणाला हुकूम काढला नाही, आडोशालाही नाही. तुम्हाला हुकूम काढणारा लागतो, मला दोन्ही लागतात.

ओवी | संध्याकाळी ६.००

मला पहिल्या मुद्द्यावर बोलायचंय. आई आहे म्हणून.

ती चिठ्ठी कठोर आहे. मी ती वाचली तेव्हा मुलगा पुण्यात शिकायला गेलेला होता आणि फोन उचलत नव्हता. पुस्तक मिटून टाकलं होतं. पण चरित्र १८९८ ला संपत नाही. १९१४ साली ही आई, अळगम्माळ, मुलाकडे आलेली असताना विषमज्वराने पडली. प्रारब्ध-प्रारब्ध म्हणणाऱ्या ह्याच माणसाने तेव्हा अरुणाचलाला श्लोक लिहिले, माझ्या आईला बरं कर म्हणून. १९१६ मध्ये ती कायमची राहायला आली. सगळे विरूपाक्ष गुहेतून वर स्कंदाश्रमात गेले आणि तिथे आईने चूल पेटवली. १९ मे १९२२ ला ती गेली. तो अख्खा दिवस मुलगा उजवा हात तिच्या छातीवर आणि डावा डोक्यावर ठेवून बसून होता. तिची समाधी पायथ्याशी झाली. हे रोज वरून खाली यायचे, एक दिवस परत वर गेलेच नाहीत. आजचा आश्रम तिच्या समाधीभोवती उभा आहे.

घर सोडून पळालेल्या मुलाचा आश्रम आईच्या थडग्याशी. बघा बाई.

आणखी एक. एचम्माळ नावाची बाई होती. नवरा गेला, मुलं गेली, वेड लागायची पाळी. गुहेत येऊन ती समोर नुसती उभी राहिली. महर्षी काही बोलले नाहीत. ती उतरली ती दुसरीच होऊन. पुढे अनेक वर्षं रोज डबा घेऊन डोंगर चढायची. त्या बाईला ‘मी कोण’ची फोड कुणी करून सांगितली नव्हती.

गुजरीकर | रात्री ९.१५

ओवीताई, हे आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, छातीवर हात ठेवला ना, झालं मग. शंकासुर, तुमच्या पहिल्या मुद्द्याचा निकाल आमच्या घरी लागला. दुसऱ्याचा नाही.

माळ सोडून आज दिवसभर ‘कुणाला?’ करून बघतोय. डोकं चढत नाही. पण पाच मिनिटांत मन गुजरीत. भाव काय उघडला, कारागीर आला का.

डॉक्टर_पेठ | गुरुवार, सकाळी ६.४०

उशिरा आलो. माझ्या खात्यातलं थोडं.

१९४८ च्या अखेरीस डाव्या हाताला कोपराजवळ छोटी गाठ दिसली. फेब्रुवारी १९४९ मध्ये काढली, मार्चमध्ये पुन्हा काढावी लागली. सार्कोमा, म्हणजे कर्करोगाची गाठ. ऑगस्टमध्ये तिसरी आणि डिसेंबरमध्ये चौथी शस्त्रक्रिया. हात कापू या म्हटल्यावर नको म्हणाले. ह्या दुखण्याचे रुग्ण मी पाहिले आहेत, त्यात काय वेदना होतात ते सांगत बसत नाही. महर्षींना वेदना होत नव्हत्या असं म्हणणारे भक्त मला पटत नाहीत. शरीर होतं, मज्जातंतू होते. रात्री कण्हण्याचा आवाज ऐकलेले सेवकही आहेत. फरक एवढाच की दर्शन शेवटच्या दिवसापर्यंत बंद करू दिलं नाही. तुम्ही आम्हाला सोडून चाललात म्हणणाऱ्यांना म्हणाले, जाणार कुठे, इथेच आहे. १४ एप्रिल १९५०, रात्री ८ वाजून ४७ मिनिटं.

मला हा ‘मी कोण’चा आत्मविचार जमत नाही. पण वॉर्डात राउंड घेताना, दुखतंय आणि ‘मला’ दुखतंय ह्यातली फट कधीकधी रुग्णाच्या चेहऱ्यावर दिसते. एवढंच.

शंकासुर | सकाळी ८.१०

डॉक्टर, हा प्रतिसाद आवडला. वेदना नव्हत्या म्हणाला असतात तर भांडलो असतो.

कणेरीवाट | सकाळी ११.२५

धागाकर्त्याने विचारलं होतं, संसारी माणसाने ह्या वाटेला जावं का. त्यावर कोणीच आलं नाही, म्हणून घरचा दाखला देतो.

आपल्या कणेरी मठावर सिमेंटची खेडं बघायला सगळे जातात. बलुतेदार, बैल, मोट, पोरं खूश. त्या मठाचे मुप्पिन काडसिद्धेश्वर महाराज (१९०५-२००१) सिद्धरामेश्वर महाराजांचे शिष्य. सिद्धरामेश्वर इंचगिरी परंपरेतले, सोलापूरकडचे, १९३६ साली मुंबईत देह ठेवला. त्यांचेच दुसरे शिष्य निसर्गदत्त महाराज. मुंबईत खेतवाडीत विडीचं दुकान, बायको, मुलं. गुरूने सांगितलं, ‘मी आहे’ ही जाणीव धरून बस. त्यांनी गल्ला सांभाळत ते धरलं. महर्षींच्या ‘मी कोण’ची ही सख्खी मावसबहीण म्हणा. वाट वेगळी, वेस एकच.

आणि ही दोन्ही घरं जोडणारा माणूस कोण, तर पोलंडचा इंजिनियर. मॉरिस फ्रिडमन. १९३० च्या दशकात भारतात आला, बंगळुरूला वीजसामानाच्या कारखान्यात होता, महर्षींकडे जायचा. मग औंधला आला. आपलं सातारकडचं औंध, सूर्यनमस्कारवाल्या पंतप्रतिनिधींचं. तिथल्या राजाने प्रजेला स्वराज्य देऊन टाकलं, त्या घडामोडीत गांधीजींसोबत ह्याचाही हात होता. म्हातारपणी हाच खेतवाडीच्या माळ्यावर निसर्गदत्तांसमोर बसला, आणि त्यांच्या मराठी संवादांचं इंग्रजी पुस्तक १९७३ साली ह्यानेच काढलं. सगळं जग ते वाचतं. आपण सिमेंटचे बैल बघून भेळ खाऊन परत येतो.

तालमीतला | सकाळी ११.४०

भेळेला नावं ठेवायचं काम न्हाई.

पण हे औंधचं ठावं नव्हतं. लई उपकार.

ओवी | दुपारी १२.१०

कणेरीवाट, +१. आणि आणखी मागे जायचं तर समर्थ आहेतच. ‘ऐक ज्ञानाचें लक्षण । ज्ञान म्हणिजे आत्मज्ञान । पाहावें आपणासि आपण । या नांव ज्ञान ॥’ दासबोध, पाचवा दशक, सहावा समास. लहानपणी पाठ केलं, अर्थ साठीत विचारला.

महर्षींना आपल्या संतांचं प्रेमही फार. नामदेव-विसोबांची गोष्ट सांगायचे. नामदेवांच्या नाममहात्म्यावरचं एक टिपण त्यांनी बैठकीजवळच ठेवलं होतं. म्हणजे माळवाल्यांनी वाईट वाटून घेऊ नये. शरण जा, नाहीतर ‘मी’ला शोधा, ह्या दोनच वाटा ते सांगत, आणि त्यांचा स्वतःचा अरुणाचलावरचा १०८ कडव्यांचा करुणालाप कशासाठी लिहिला, तर शिष्यांना भिक्षेला जाताना म्हणायला. तुमच्या आईंनी माळ उचलली ते बरोबरच केलं.

गुजरीकर, मनाचं म्हणाल तर ते पळणारच. मनाने मन पकडायला जाणं म्हणजे चोरालाच फौजदार करून चोर शोधायला लावणं, हा त्यांचाच दाखला. तो शोधल्याचं नाटक करत राहील. तुम्ही गुजरीतले, तुम्हाला सोन्याचा दृष्टान्त सोपा पडेल. पाटली, साज, पुतळी ही नावं. आटवलं की सोनं एकच. महर्षींनी सत्यावर लिहिलेल्या चाळीस पद्यांतही तो आहे.

गुजरीकर | रात्री ९.५०

ताई, बाकी सगळं कबूल. पण हा दृष्टान्त सोनारासमोर देऊ नये. आयुष्यभर कीर्तनात ऐकतोय आणि दर वेळी मनात येतं, ह्या बुवांनी कधी सोनं आटवलेलं नाही.

आजचीच गोष्ट. एक आजी आल्या, सासूचा साज मोडायला. काळा पडलेला, पानड्यांची नक्षी पुसलेली, डोरलं मात्र शाबूत. वजन केलं. आटवायच्या आधी सांगितलं, घट येईल. त्यांना वाटलं मी चोरणार. जावमणी आतून पोकळ असतो, त्यात लाख भरलेली असते. पानडीला पानडी जोडलेली असते टाक्याने, त्यात चांदी-तांबं. मुशीत घातलं की आधी लाख जळते. तो वास ज्याने घेतलाय त्याला माहीत, अंगरख्यातून दोन दिवस जात नाही. मग सवागी टाकायची, मळ वर येतो. खाली उरतं ते वजनाला कमी. आजी मुशीकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, मग इतकी वर्षं मी गळ्यात काय घालत होते?

तर दागिना मोडला, सोनं जसंच्या तसं राहिलं, असं होत नाही ताई. वेदान्तातलं सोनं कुठल्या पेढीवरचं ते एकदा विचारा.

शंकासुर | रात्री १०.०५

वा! पहिल्यांदा कुणीतरी दृष्टान्ताचं वजन केलं.

ओवी | रात्री १०.३०

गुजरीकर, थांबा. तुम्ही दृष्टान्त मोडला नाहीत, दुरुस्त केलात.

जळून गेलं काय? लाख. ती सोनं होती का कधी?

गुजरीकर | रात्री १०.३४

नाही. वजनात होती.

ओवी | रात्री १०.३६

मग घट कशात आली?

गुजरीकर | रात्री १०.५८

वीस मिनिटं झाली, बसलोय.

घट वजनात आली. सोन्यात नाही. आजींचा प्रश्नच बरोबर होता, आणि मी त्यांना हिशोब समजावत बसलो.

कणेरीवाट | रात्री ११.१५

काखेत कळसा.

तालमीतला | रात्री ११.२०

...आन गावाला वळसा. न्हवं, तिरुवन्नामलैला वळसा.

डॉक्टर_पेठ | शुक्रवार, सकाळी ६.३०

सवागी म्हणजे टाकणखार ना? आमच्याकडे पूर्वी तोंड आल्यावर लावायचे.

गुजरीकर | सकाळी ९.१०

हो डॉक्टर, तोच.

मिरज_जंक्शन | दुपारी १२.००

विषय रंगलाय, पण कोणी खरंच जाणार असेल तर कार्तिकातला दीपम् टाळा किंवा मुद्दाम धरा, मधलं काही नाही. डोंगराच्या माथ्यावर मोठी ज्योत लावतात, गर्दी जोतिबाच्या चैत्र यात्रेसारखी. शांतपणे बसायचं असेल तर साधा दिवस बघून स्कंदाश्रमाची पायवाट चढा. माकडांपासून चष्मा सांभाळा. माकडांना त्या आश्रमात जुना मान आहे. कुत्री, खारी, मोर सगळ्यांना होता. लक्ष्मी नावाची गाय १९४८ साली गेली तर तिची समाधी बांधून महर्षींनी वर लिहायला पद्यही दिलं.

शंकासुर | दुपारी १२.२०

गाईला आडोसा नव्हता, हे नोंदवून ठेवतो.

कणेरीवाट | दुपारी १२.४०

नोंदवा. मी खोडणार नाही.

गुजरीकर | शनिवार, रात्री ९.३०

आजचा अहवाल देतो, मग धागा खाली गेला तरी चालेल.

दुपारी एक बाई आल्या. मजुरीवरून घासाघीस. शेवटी म्हणाल्या, समोरचा निम्म्या मजुरीत देतो, तुम्ही लोक लुटता. माझं टाळकं सटकलं. जिभेवर आलं होतं. आणि काय झालं कुणास ठाऊक, सवय नसताना आतून आलं, हा राग कुणाला आला? मला. हा ‘मला’ कुठाय? खरंच बघायला गेलो. तराजूवर हात तसाच. चार-पाच सेकंद गेले असतील. तिथे काहीच सापडलं नाही. रागही नाही, तो ज्याला आला होता तोही नाही. नुसता पंख्याचा आवाज आणि काट्याची सुई हलत होती.

मान वर केली तर बाई समोरच्या दुकानात.

तालमीतला | रात्री ९.४२

म्हंजे गिऱ्हाईक गेलं की शेठ!

गुजरीकर | रात्री ९.४५

गेलं. साडेसात ग्रॅमची ऑर्डर होती.

तालमीतला | रात्री ९.४६

कुणाची गेली?